मापाचा कुर्ता

सव्वीस जूनला शाळा उघडली की प्रेमिला पटले काहीतरी निमित्त काढून फाटकापाशी जाऊन उभी राहायची. आत प्रार्थनेच्या रांगा लागलेल्या असायच्या. आकाशी कुर्ता, पांढरी सलवार, पांढरी ओढणी. त्यातले निम्म्याहून जास्त कुर्ते तिच्या मशिनीखालून गेलेले. कोणत्या पोरीचा डावा खांदा उतरता आहे, कोण वर्षभरात दोन इंच वाढली, हे तिला त्या पोरींच्या आयांपेक्षा जास्त ठाऊक असायचं. पाच मिनिटं पाहायची आणि घरी येऊन पुन्हा मशिनीवर बसायची. मुर्रीत सतरा-अठरा वर्षं बायका आणि पोरींचं शिवणकाम म्हटलं की प्रेमिलाच. गोंदिया शहर हाकेच्या अंतरावर, तिथं टेलरांची काय कमी, पण ब्लाऊज शिवायचा तर बायका म्हणायच्या, "प्रेमिलाबाईच्या हातचा बाहीचा मुंढा दुसऱ्याले जमत नाही."

तिच्या हाताखाली पाच-सहा पोरी शिकून गेल्या होत्या. त्यातली एक केशोराव बिसेनांची धाकटी, रुचि. तीन घरं सोडून राहायची. चौदा वर्षांची असताना आली, काज-बटणापासून सुरुवात केली. पोरगी गप्प होती, हात हलका होता. प्रेमिला तिला आपल्या कात्रीला हात लावू द्यायची, दुसऱ्या कोणाला नाही. बारावीनंतर रुचि नागपूरला फॅशन डिझाइन शिकायला गेली तेव्हा प्रेमिलानं तिला नवीन टेप दिली होती आणि सगळ्यांना सांगत फिरली होती, "माह्याजवळ शिकलेली पोरगी आहे."

दोन वर्षांनी, दोन हजार दहाच्या दसऱ्याला, रुचिनं मुख्य रस्त्याच्या वळणावर एक गाळा घेतला आणि बुटिक उघडलं.

उद्घाटनाला प्रेमिलाला पहिल्या खुर्चीवर बसवलं. रुचि सगळ्यांसमोर तिच्या पाया पडली आणि म्हणाली, "मी सुई धराले काकीजवळच शिकली." बायकांनी कौतुकानं प्रेमिलाकडे पाहिलं. प्रेमिला मात्र भिंतीकडे पाहत होती. भिंतीवर एक मोठा फोटो होता. नागपूरच्या कुठल्याशा हॉलमधला रॅम्प, दोन्ही बाजूंनी माणसं टाळ्या वाजवतायत, आणि मधून रुचि चालत येतेय, तिनं शिवलेला घागरा घातलेल्या एका उंच मुलीचा हात धरून. फोटोखाली पांढरी विजेची मशीन. आणि काचेत एक पुतळा, डोकं नसलेला, अंगात मोरपंखी कुर्ता. कुर्त्याची बाही खांद्यापाशी अशी फुलली होती की प्रेमिलाला तिथल्या तिथं उठून ती उलटी करून पाहावीशी वाटली. तिला तिथं बसवेना. ऊन लागलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. प्रसादाचा पेढा न खाताच ती घरी आली.

त्यानंतर बाजारात जायचा तिचा रस्ता बदलला. आधी ती बोळातून जायची, आता वळसा घेऊन मुख्य रस्त्यानं जायला लागली. दर सोमवारी त्या पुतळ्याच्या अंगावरचा कपडा बदलायचा. प्रेमिला चालता चालता एक नजर टाकायची, थांबायची नाही. घरी येऊन जुन्या वर्तमानपत्रावर ती बाही कापून पाहायची. कागदावर जमायची. कापडावर फुगायची नाही, नुसती लोंबायची. मग ती कागद चुलीत घालायची.

वच्छला म्हणून तिचं एक जुनं गिऱ्हाईक होतं. प्रेमिलाच्या लेकीचं बारसं झालं तेव्हापासून तिचे ब्लाऊज प्रेमिलाच शिवायची. एक दिवस ती समोरून पदराखाली काहीतरी धरून लगबगीनं गेली. पदराआडून रुचिच्या दुकानाच्या जांभळ्या पिशवीचं टोक दिसलं. वच्छला दुसरीकडे गेली याचं प्रेमिलाला तितकं लागलं नाही, जितकं तिनं पिशवी लपवली याचं लागलं. लपवतात ते कीव येते म्हणून.

दोन दिवसांनी प्रेमिलाच वच्छलाच्या घरी गेली. ब्लाऊजचा गळा पाहू म्हणाली आणि वच्छलाची पाठ फिरताच ब्लाऊज उलटा केला. आतली शिवण आरशासारखी साफ होती. गळ्याची पायपीन सरळ, कुठं धागा नाही. बऱ्याच वेळानं तिला काखेत एक टाका थोडा सैल सापडला. तो एक टाका तिनं आठवडाभर जपला. कोणी रुचिचं नाव घेतलं की ती म्हणायची, "बाहेरून चांगलं दिसते वो. आतून पाहा एकदा."

डिसेंबरात तिची ओमेश्वरी शाळेतून आली आणि दप्तर न ठेवताच म्हणाली, "मम्मी, गॅदरिंगमध्ये फॅशन शो आहे. बारावीच्या सहा पोरी आहोत. मीही आहो."

ओमेश्वरी तिची एकुलती एक. सतरा वर्षांची, वडिलांसारखी उंच. टीव्हीवर रॅम्पवरच्या मुली दिसल्या की अंगणात तशी चालून दाखवायची, कोंबड्या पळायच्या आणि प्रेमिला हसायची.

"मंग शिवून देईन न," प्रेमिला म्हणाली. "आजपर्यंत तुले कोणं शिवलन? कोणता कपडा आणाचा सांग."

ओमेश्वरी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "अनारकली पाहिजे. सोळा कळ्यांच्या घेराचा. पाठीवर चेन."

"मंग? मले कळ्या येत नाही का?"

"येतात. पण रुचि दीदीनं मले डिझाइन काढून देलन. कागदावर. ते तिलेच जमन, मम्मी."

प्रेमिलाच्या हातात तेव्हा एक शाळेचा कुर्ता होता, कॉलर बसवायची होती. तिनं सुई कॉलरमध्ये टोचून ठेवली. "टेलरची पोरगी दुसऱ्या टेलरकडं शिवाले चालली. वा."

"सगळ्या पोरी तिच्याकडंच शिवून राहिल्या. मी एकटी तुह्या हातचा घातला तर वेगळी दिसन."

"वेगळी म्हणजे?"

"म्हणजे..." ओमेश्वरीनं कॉलरकडे पाहिलं. "युनिफॉर्मसारखी."

तिला वाईट बोलायचं नव्हतं. तिला जे वाटलं ते तिच्या तोंडून निघून गेलं. प्रेमिलानं सुई काढून कॉलर बसवायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा धनेंद्र तिरोड्याच्या पॅसेंजरसाठी बूट घालत होता, तेव्हा तिनं विषय काढला. तिरोड्याला वीज प्रकल्पाचं बांधकाम चाललं होतं, तो तिथं वेल्डर होता.

"शिवू दे न," तो म्हणाला. "एवढ्याशा गोष्टीले कायले ताणून राहिली? पोरगी आहे, हौस आहे."

"लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील, का तुले काय वाटते?" एवढं बोलून तो निघूनही गेला.

दुपारी घरात कोणी नव्हतं. रुचिनं माप द्यायला ये म्हणून निरोप पाठवला होता, पण ओमेश्वरीचा सगळा वेळ शाळेत आणि शोच्या प्रॅक्टिसमध्ये जात होता. प्रेमिलानंच सकाळी सुचवलं होतं, "दिवाळीचा गुलाबी कुर्ता ने मापाले. तो तुले बराबर बसते." ओमेश्वरी खूश झाली होती, माय राजी झाली असं तिला वाटलं. तो कुर्ता आता घडी करून मशिनीवर ठेवलेला होता, संध्याकाळी न्यायचा म्हणून.

प्रेमिलानं तो उचलला. तिच्याच हातचा. तिनं तो उलटा केला आणि दोन्ही बाजूंच्या शिवणींवरून बोट फिरवलं. त्या वेळी तिच्या मनात ओमेश्वरी नव्हतीच. तिच्या डोळ्यांसमोर भिंतीवरचा तो फोटो होता, टाळ्या वाजवणारी माणसं होती. गॅदरिंगच्या आधी ड्रेस येईल, घट्ट होईल, सहा पोरींच्या आया पाहतील, आणि गावात होईल, रुचिला साधं माप जमत नाही. एवढंच. मग ओमेश्वरी रडत येईल, आणि आपण म्हणू, आण इकडे.

ती मशिनीवर बसली. काखेपासून कमरेपर्यंत एका बाजूनं अर्धा इंच आत घेतला. दुसऱ्या बाजूनं अर्धा इंच. मुंढाही थोडा चोरला. जुनी शिवण उसवून टाकली, धागे वेचले. गुलाबी दोरा तिच्याकडे होताच. दहा मिनिटांचं काम. इस्त्री फिरवून तिनं कुर्ता पुन्हा होता तसा घडी करून ठेवला. 

शो जानेवारीतल्या एका शनिवारी होता. त्याच्या आधीच्या रविवारी रुचि स्वतः ड्रेस घेऊन घरी आली.

गर्द निळा, खाली सोनेरी काठ. ओमेश्वरीनं तो हातात घेतला तेव्हा तिचा चेहरा असा झाला की प्रेमिलाला तिथून उठून जावंसं वाटलं. आपण शिवलेल्या एकाही कपड्याला ती अशी हसली नव्हती. ओमेश्वरी आतल्या खोलीत गेली. बराच वेळ झाला तरी बाहेर येईना. मग आतून हाक आली, "दीदी, चेन लागत नाही."

तिघी आत उभ्या होत्या. चेन कमरेपासून वर चार बोटं आली आणि अडली. रुचिनं दोन्ही बाजू ओढून धरल्या, "श्वास घे आत," म्हणाली. चेन हलली नाही. काखेत कापड ताणून पांढरं पडलं.

"असं कसं झालं?" रुचि स्वतःशीच म्हणाली. "मापानंच कापला मी." तिनं गळ्यातली टेप काढली. "थांब, छाती मोजू दे."

ओमेश्वरीनं तिचा हात बाजूला केला. "नको."

"अवो, मार्जिन आहे आत. दीड इंच ठेवली आहे. दहा मिनिटांत ढिला होईल."

"नको म्हटलं न! मापाच्या कुर्त्यानं शिवला न तू? तो कुर्ता मले दिवाळीले बराबर येत होता. तुही चूक नाही दीदी. मीच फुगली." तिचे डोळे भरून आले होते. "सहा दिवस आहेत. मी बारीक होतो. तू काही उसवू नको, याची फिटिंग जाईल."

प्रेमिलानं हे धरलंच नव्हतं. राग रुचिवर निघेल एवढंच तिनं धरलं होतं. पोरगी स्वतःच्या अंगावर घेईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. बोलायची वेळ हीच होती. तिचं तोंड उघडलंही. पण समोर रुचि उभी होती, गळ्यात टेप, आणि रुचिसमोर ते शब्द बाहेर येईनात.

रुचि ड्रेस ठेवून गेली. जाताना तिनं प्रेमिलाकडे एकदा पाहिलं, आणि काही न विचारता चप्पल घातली.

सोमवारी ओमेश्वरीनं सकाळी फक्त चहा घेतला. डबा घेऊन गेली आणि भरलेलाच परत आणला. रात्री लाखोरीच्या पाल्याची भाजी होती, तिच्या आवडीची. तिनं ताटाकडे पाहिलं आणि एक काकडी घेऊन उठली. प्रेमिला म्हणाली, "दोन घास खा वो." ती म्हणाली, "भातानंच जाड झाली मी." मंगळवारीही तेच. तिच्या खोलीचं दार उघडं होतं आणि ती आरशासमोर उभी राहून पोटाची कातडी चिमटीत धरून पाहत होती. कातडीच होती ती, धरायला दुसरं काही नव्हतं. प्रेमिला दारातून मागं सरकली. सांगू, उद्या सांगू. ताट वाढायची, ताट उचलायची, आणि मनात रुचिलाच शिव्या द्यायची. हिनं बुटिकच काढलं नसतं तर.

बुधवारी दुपारी शाळेतून चंदा आली, ओमेश्वरीची मैत्रीण, सायकलवर ओमेश्वरीला मागं बसवून. प्रॅक्टिसमध्ये चालता चालता ओमेश्वरी खाली बसली आणि मग आडवीच झाली होती. ओठ पांढरे पडले होते. प्रेमिलानं तिला खाटेवर टाकलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. दोन घोट घेऊन ओमेश्वरीनं पेला बाजूला सारला.

"साखर आहे यात," ती म्हणाली.

प्रेमिलानं चंदाला तिच्याजवळ बसवलं, पायात चप्पल सरकवली आणि वळणावरच्या दुकानात गेली.

रुचि एकटीच होती, कापड कापत. प्रेमिलाला पाहून तिनं कात्री खाली ठेवली, टेबलाचा खण उघडला आणि गुलाबी कुर्ता बाहेर काढला. तो आधीच उलटा केलेला होता. काखेखाली जुन्या शिवणीची भोकं ओळीनं दिसत होती, आणि त्यांच्या आत अर्ध्या इंचावर नवा दोरा, बाकीच्यापेक्षा एक छटा गडद.

"तुमचा टाका मी ओळखत नाही का, काकी?"

प्रेमिलाची नजर त्या भोकांवर गेली.

"रविवारी तुमच्याकडून परत आली अन् पहिले हाच पाहिला," रुचि म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण गालावर लाल ठिपके उठले होते. "दुसऱ्या कोणाचा कुर्ता असता तर मी आधी अंगावर टेप लावली असती. तुमच्या हातचा होता म्हणून नाही लावली. तुमच्या मापात कवा फरक पडला आहे?"

"मंग रविवारीच काऊन नाही बोलली?"

"मले वाटलं, तुमी येसाल. सोमवारी येसाल, मंगळवारी येसाल. अन् खरं सांगू? मले पाहाचंही होतं, किती दिवस राहाता ते." ती कुर्त्याची घडी करू लागली आणि मध्येच थांबली. "दोन वर्षं नागपूरले सगळ्यांले सांगत होती मी, माही काकी अशी शिवते, तशी शिवते. तुमी कायले केलं हे?"

प्रेमिलाला सांगता आलं असतं. फोटो, टाळ्या, जांभळी पिशवी, ती बाही. पण ज्या पोरीला नाक पुसून काज करायला शिकवलं तिच्यासमोर ते कसं सांगायचं. "ओमेश्वरी जेवत नाही," ती म्हणाली. "आज शाळेत चक्कर येऊन पडली."

रुचिचा चेहरा बदलला. हे तिला माहीत नव्हतं. तिनं टाके काढायची उसवणी हातात घेतली. "ड्रेस पाठवून द्या. आजच्या आज ढिला करून देईन." मग थोडं थांबून म्हणाली, "पण मी तिले काही सांगणार नाही. ते तुमी सांगाल. नाहीतर ती ढिला ड्रेस घालन अन् जन्मभर म्हणन, मी जाड होती म्हणून उसवावा लागला."

घरी येईपर्यंत प्रेमिलाच्या मनात शरमेपेक्षा दुसरंच काहीतरी जळत होतं. आपल्या पोरीच्या मनातलं रुचिला आपल्याआधी कळलं. तिनं किती सरळ सांगितलं. कोणाला शिव्या नाहीत, आरडाओरड नाही. मोठेपणाही तिनंच घ्यावा.

चंदा गेल्यावर ती खाटेच्या कडेला बसली.

"कुर्ता मी आत घेतला होता," ती म्हणाली.

ओमेश्वरीला कळलं नाही. "कोणता?"

"मापाचा. दोन्हीकडून. तू शाळेत गेली होती तवा. तू होती तशीच आहे, इंचभरही वाढली नाही."

ओमेश्वरी हळूहळू उठून बसली. "काऊन?"

"मले पाहावलं नाही."

"काय पाहावलं नाही?"

"तू तिच्याकडं शिवाले गेली ते."

बाहेर कोणीतरी धान वाळवायला ताडपत्री पसरत होतं, तिचा आवाज येत राहिला. ओमेश्वरी रडेल असं प्रेमिलाला वाटलं होतं. ती रडली नाही. ती काहीतरी मोजत असल्यासारखी बोटांकडे पाहत होती.

"ते जाऊ दे," ती शेवटी म्हणाली. "पण मी तीन दिवस उपाशी होती. ते तुले दिसत होतं न?"

"हो."

"अन् तू ताट वाढून राहिली होती."

प्रेमिला खाटेवरून उठली. "आता जेव," ती म्हणाली. "भात गरम आहे."

ओमेश्वरीनं खाटेखालची चप्पल पायानं ओढली, निळा ड्रेस खांद्यावर टाकला आणि भिंतीला धरून बाहेर गेली. संध्याकाळी नळावर रुचिची माय भेटली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. हंडा भरता भरता ती कौतुकानं म्हणाली, "तुमची पोरगी आमच्याकडं दोन खेप भात मागून जेवली वो आज. मले लय बरं वाटलं." प्रेमिला हसली आणि आपला हंडा अर्धाच भरलेला उचलून निघाली. तो भातही तिला सहन झाला नाही.

धनेंद्रला तिनं त्याच दिवशी सांगितलं. त्यानं पायातले बूट काढून ठेवले. मग म्हणाला, "मले वेल्डिंगमध्ये कोणी चांगला दिसला तर मी त्याचं काम पाहत बसतो. तुले असं काऊन झालं?" तो खरंच विचारत होता. तिला तेही आवडलं नाही.

शनिवारी शाळेच्या मैदानावर मांडव होता. दुपारचं ऊन, खुर्च्या भरलेल्या. प्रेमिला पुढं गेली नाही, बायकांच्या मागं खांबाला टेकून उभी राहिली. ओमेश्वरी बुधवारपासून तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. घरात जेवत होती, पण ताट स्वतः वाढून घेत होती.

आधी नाच झाले, एक नाटुकली झाली. मग गाणं लागलं आणि सहा पोरी एकेक करून आल्या. ओमेश्वरी चौथी होती. ती टेबलं जोडून केलेल्या त्या अरुंद रॅम्पवर पुढं आली, कमरेवर हात ठेवून थांबली आणि वळली. सोळा कळ्या एकदम उघडल्या आणि तिच्याभोवती फिरून पुन्हा पायाशी येऊन बसल्या. ड्रेस अंगावर ओतल्यासारखा बसला होता. काखेत एक सुरकुती नाही.

प्रेमिलाची नजर आधी तिथंच गेली, काखेत. मग बाहीवर. पुतळ्याच्या अंगावरची तीच बाही, खांद्यापाशी फुललेली. आता तिला समजलं. आत दुसऱ्या कापडाची पट्टी होती, कडक, बाहीला वर धरणारी. ती कागदावर दिसणं शक्यच नव्हतं. समजलं आणि त्याच्यासोबत हेही समजलं की आपल्याला हे सुचलं नसतं. आपण या पोरीसाठी चांगला ड्रेस शिवला असता, नीट, टिकाऊ, मापाचा. अशी ती त्यात दिसली नसती. डोळ्यांत पाणी आलं ते पोरीच्या कौतुकाचं होतं की दुसरं कसलं, हे तिला वेगळं करता आलं नाही.

पुढच्या खुर्चीवरून वच्छलानं मान वळवली. "काय दिसून राहिली वो तुही पोरगी! कोणं शिवलन? तूच न?"

वच्छलाला खरंच माहीत नव्हतं. आजूबाजूच्या दोघी-तिघींनी माना वळवल्या. हो म्हणायला एक क्षण लागला असता.

"रुचिनं," प्रेमिला म्हणाली.

"हो का? तरीच," वच्छला म्हणाली आणि पुन्हा पुढं पाहू लागली. त्या एका 'तरीच'नं प्रेमिलाच्या अंगाची आग झाली. शेवटी सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी ड्रेस शिवणाऱ्या रुचिला रॅम्पवर बोलावलं. रुचि वर आली, ओमेश्वरीनं तिचा हात धरला, आणि दोघी टाळ्यांमधून चालत पुढं आल्या. प्रेमिलानंही टाळ्या वाजवल्या. शेजारची बाई थांबली तरी ती वाजवत राहिली, कारण थांबली असती तर तिथून निघून जावं लागलं असतं.

गावात कुर्त्याची गोष्ट फुटली नाही. रुचिनं सांगितली नाही, ओमेश्वरीनंही नाही. प्रेमिलाकडे ब्लाऊज येत राहिले, थोडे कमी. मुख्य रस्त्यानं जाणं तिला सोडता आलं नाही. सोमवारी पाय तिकडेच वळायचे. फरक एवढाच की एकदा ती थांबली, काचेतून आत पाहिलं आणि रुचिनं मान हलवून ये म्हटलं. ती गेली नाही. मानेनंच नाही म्हटलं आणि पुढं झाली.

फेब्रुवारीत बारावीच्या पोरींचा निरोप समारंभ आला. सगळ्या साड्या नेसणार होत्या. ओमेश्वरीनं प्रेमिलाची लग्नातली हिरवी साडी काढली, धनेंद्रला दाखवली. मग एके दुपारी ब्लाऊजचं कापड घेऊन मशिनीपाशी आली. आता घरात कामापुरतं बोलणं सुरू झालं होतं.

"हा तू शिव," ती म्हणाली.

प्रेमिलानं वर पाहिलं. रुचिला वेळ नाही का, हे जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. "मापाले जुना ब्लाऊज नाही तुहा."

"अंगावर घे."

प्रेमिला उठली. टेप काढली. ओमेश्वरीनं दोन्ही हात वर केले, लहानपणी करायची तसे. प्रेमिलानं टेप पाठीमागून फिरवून छातीवर आणली, दोन्ही टोकं जुळवली आणि आकडा वाचायला वाकली. त्याआधी ओमेश्वरीनं मान खाली केली, टेप स्वतःच्या अंगठ्यानं दाबून धरली आणि बारीक डोळे करून पाहिलं.

"साडेएकतीस," ती म्हणाली. "लिही."

प्रेमिलानं वहीत साडेएकतीस लिहिलं. मग टेप खांद्यावर धरली आणि पोरगी वाचेपर्यंत थांबली.